मातीचा अभिमान तुमचा, गादीचं कर्ज त्याचं

१९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकहून पैलवान खाशाबा जाधव कांस्यपदक घेऊन कराडला उतरले, तेव्हा स्टेशनापासून त्यांच्या गोळेश्वर गावापर्यंत १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. ही गोष्ट महाराष्ट्रात शाळकरी पोरालाही पाठ असते. मिरवणूक संपल्यावर खाशाबांनी काय केलं, ते मात्र कुणी सांगत नाही. त्यांनी कुस्त्यांची मैदानं भरवली, स्वतः त्यांत लढले आणि जमलेला पैसा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांच्या हातात ठेवला. कारण त्या प्राचार्यांनी, बॅरिस्टर खर्डेकरांनी, आपल्या विद्यार्थ्याला ऑलिंपिकला पाठवायला स्वतःचं राहतं घर सात हजार रुपयांना गहाण टाकलं होतं. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक गादीवर, म्हणजे मॅटवर, मिळालं आणि त्या पदकाचं कर्ज पैलवानाने घरी येऊन मातीत फेडलं.

सत्तर वर्षं उलटून गेली तरी तो हिशेब बदललेला नाही. महाराष्ट्रातल्या पैलवानाला आजही दोन वेगवेगळे खेळ शिकावे लागतात, मातीतली कुस्ती आणि गादीवरची. एक गावाला आवडतो म्हणून, दुसरा जगात मोजला जातो म्हणून. पहिल्यासाठी फेटे आहेत, हलगी आहे, चांदीची गदा आहे. दुसऱ्यासाठी लागणारी जागा, मार्गदर्शक, बूट, प्रवास आणि वेळ त्याने आणि त्याच्या बापाने उभा करायचा. परंपरेच्या नावाखाली चाललेली ही लूट आहे, आणि मी तिला लूटच म्हणणार.

मी सारसोळ्यात राहतो. नेरूळमधलं हे आगरी-कोळ्यांचं गाव. पाम बीच रस्त्यापलीकडे खाडी आहे, जेट्टीला आजही होड्या लागतात. गावठाणाभोवती सिडकोचे सेक्टर उभे राहिले आणि भाड्याच्या खोल्यांतून आमच्यासारखी घाटावरची कुटुंबं येऊन राहिली. माझे वडील माथाडी. मस्जिद बंदरचा कांदा-बटाट्याचा बाजार वाशीला हलला, तशी कराड, पाटण, जावळीकडची माणसं त्याच्यामागोमाग खाडी ओलांडून इकडे आली. दिवसभर पाठीवर गोण्या वाहणारा माणूस संध्याकाळी पोराला समोर उभं करून जोर-बैठका मारायला लावतो, हे मी लहानपणापासून पाहत आलोय. आपण वाहतो ते पोराने वाहू नये, एवढाच त्यामागचा हेतू. कुस्तीतून पोलिसात नोकरी लागेल, रेल्वेत लागेल, सैन्यात लागेल. आमच्यात कुस्तीचा अर्थ हा आहे. फेटा बांधून व्यासपीठावर बसणाऱ्यांना तो ठाऊक नाही, आणि जाणून घ्यायची त्यांना गरजही वाटत नाही.

आता दोन खेळांमधला फरक नीट सांगतो, कारण मातीवर भाषण करणाऱ्या बहुतेकांना तो ठाऊक नसतो.

हौद्यातली लाल माती चाळून घेतलेली असते. तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू पडलेलं असतं. रोज फावड्याने उकरून ती भुसभुशीत ठेवावी लागते. पैलवान अनवाणी उतरतो, अंगावर लंगोट. पाय घोट्यापर्यंत रुततो, म्हणजे हालचाल जड होते, आणि म्हणून मातीतली कुस्ती ताकदीची, दमाची, पकडीची होते. घामावर माती लागते, पकड सुटत नाही. जत्रेच्या फडात कुस्ती निकाली. समोरच्याची पाठ जमिनीला लागली की संपलं, नाहीतर पंच कंटाळून बरोबरीत सोडवेपर्यंत चालू. खाली घातलेल्या गड्यावर कब्जा घेऊन पैलवान वाट पाहू शकतो, त्याला दमवू शकतो, मानेवर भार टाकत राहू शकतो. घाई नाही. धीर हाच तिथला मोठा डाव.

गादी याच्या अगदी उलट. बारा मीटर चौरस, मधे नऊ मीटर व्यासाचं वर्तुळ. पायात बूट. पाय रुतत नाही, घसरतही नाही, म्हणून सगळा खेळ वेगाचा. तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, मधे तीस सेकंद. खाली घेतलं की दोन गुण, वर उचलून फेकलं की चार किंवा पाच. वर्तुळाबाहेर पाय पडला की समोरच्याला एक. फ्रीस्टाइलमध्ये दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती संपली, पाठ लागो न लागो. कब्जा घेऊन काही केलं नाही तर पंच शिट्टी वाजवून दोघांना उभं करतो. मातीत ज्याला धीर म्हणतात, त्याला गादीवर निष्क्रियता म्हणतात आणि त्याची शिक्षा होते.

आमच्या गल्लीत पाटणकडच्या एका माथाड्याचा मुलगा आहे. नाव लिहीत नाही. जत्रांच्या फडात त्याच्या वयाच्या गटात त्याला जोड मिळत नाही, इतका तो ताकदीचा. गादीच्या सरावासाठी तो पहाटेची पहिली लोकल पकडतो, कारण गादी जिथे आहे तिथे पोचायला तेवढा वेळ लागतो. त्याचे बूट दुसऱ्या पैलवानाचे जुने, मापाने मोठे. पुढे चिंधी कोंबून घालतो. एका निवड चाचणीला मी त्याच्यासोबत गेलो होतो. पहिल्याच मिनिटात त्याने एकेरी पट काढून गड्याला खाली घेतलं, दोन गुण कमावले आणि मातीत करतो तसा कब्जा घेऊन बसला. पंचाने शिट्टी दिली, उभं केलं. पुन्हा खाली घेतलं, पुन्हा बसला, पुन्हा शिट्टी. दुसऱ्या फेरीत समोरचा पोरगा वर्तुळाच्या कडेकडेने खेळू लागला. आमचा पोरगा रेटा देत गेला, त्याने अंग काढलं आणि याचाच पाय बाहेर पडला. एकदा, दोनदा. मग हा निकालासाठी ढाक, म्हणजे गड्याला फेकून पाडण्याचा डाव, मारायला गेला. ती फसली, त्याच झोकात समोरच्याने गुण घेतले. कुस्ती गेली.

बाहेर आल्यावर बूट सोडता सोडता त्याने मला विचारलं, “काका, माझी पाठ कुठं लागली? मग मी हरलो कसा?”

त्याला उत्तर देणं माझं काम नव्हतं. ते काम ज्यांचं होतं ते त्याच आठवड्यात एका मैदानाच्या उद्घाटनाला गेले होते, आणि तिथल्या फलकावर मल्लविद्येच्या जतनाची मोठमोठी वाक्यं लिहिलेली होती.

खाशाबांनीही हेच भोगलं. बाबुराव बलावडे, बेलापुरी गुरुजी यांच्या हाताखाली मातीत घडलेला हा पैलवान १९४८ साली लंडनला गेला, तोही कोल्हापूरच्या महाराजांनी खर्च उचलला म्हणून. तिथे समोर गादी आली, आंतरराष्ट्रीय नियम आले, अमेरिकेचे रीस गार्डनर यांच्यासारखा मार्गदर्शक मिळाला. म्हणजे जो खेळ खेळायला देशाने त्याला पाठवलं, तो खेळ तो नीट शिकला परदेशात, ऑलिंपिकच्या तोंडावर. तरीही फ्लायवेट गटात सहावा आला. पुढची चार वर्षं या माणसाने स्वतःला दुसऱ्या खेळात घातलं. ढाकेत तो मूळचा तरबेज होता; ती गादीच्या वेगाला जुळवून घेतली. वजनाचा गट बदलला.

मग निवडीचा घोळ. मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेत एका गुणाने डावललं गेल्याची त्यांची तक्रार होती. दाद मागायला ते पतियाळाच्या महाराजांपर्यंत गेले, पुन्हा कुस्ती लावून घेतली आणि समोरच्याला चीतपट करून जागा मिळवली. मग पैशाचा घोळ. मुंबई राज्याच्या मुख्यमंत्र्यांकडे, मोरारजी देसाईंकडे, चार हजार मागितले तर स्पर्धा झाल्यावर भेटायला सांगण्यात आलं, ही हकीकत कराडकडे आजही चीड येऊन सांगतात. स्पर्धा झाल्यावर! गावाने वर्गणी काढली, खर्डेकरांनी घर गहाण टाकलं. हेलसिंकीत कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवून खाशाबा पुढे गेले. जपानच्या इशीबरोबर दमवणारी लढत झाली आणि लगोलग सोव्हिएत संघाच्या मल्लासमोर उभं राहायला सांगण्यात आलं. दोन लढतींमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती हा नियम होता. ती मागायला त्या क्षणी एकही भारतीय अधिकारी तिथे नव्हता, असं सांगितलं जातं. ज्या माणसाने दोन खेळ शिकले, त्याच्या बाजूने दुसऱ्या खेळाचा नियम माहीत असलेला एक अधिकारी उभा करता आला नाही.

यातून धडा घ्यायला पुढची पिढीही तयार होती. १९६२ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत गणपतराव आंदळकरांनी ग्रीको-रोमनमध्ये सुवर्ण आणि फ्रीस्टाइलमध्ये रौप्य घेतलं. मारुती माने यांनी फ्रीस्टाइलमध्ये सुवर्ण आणि ग्रीको-रोमनमध्ये रौप्य. दोघेही मातीत वाढलेले. ग्रीको-रोमनमध्ये तर कमरेखाली पकड करता येत नाही, म्हणजे पट काढणं, टांग मारणं सगळं बंद. मातीतला निम्मा अभ्यास बाहेर ठेवूनच तिथे उतरायचं. तो प्रकार त्यांनी आत्मसात केला आणि आशियात पहिले-दुसरे आले. त्यामुळे मराठी पैलवानाला गादी जमत नाही, हे कुणी माझ्यापुढे बोलू नये. जमत होती. ती गावोगाव टाकली गेली नाही, एवढंच.

दिल्लीत त्याच काळानंतर काय झालं ते पाहा. सतपाल हे मातीच्या दंगलींचे बादशहा. गुरु हनुमानांच्या आखाड्यात घडलेले, देशभर मैदानं मारलेले. १९८२ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण घेतल्यावर पुढे ते छत्रसाल स्टेडियमवर पोरं घडवायला बसले आणि पोरांना त्यांनी गादीवर उतरवलं. सुशील कुमार, योगेश्वर दत्त, रवी दहिया, अमन सेहरावत. २००८ पासून २०२४ पर्यंत भारताला कुस्तीत जी ऑलिंपिक पदकं मिळाली, त्यातली किमान पाच या एका तालमीशी जोडलेली आहेत. मातीतून आलेल्या माणसाने मातीचा अपमान केला असं तिथे कुणी म्हटलं नाही. आणि महाराष्ट्र? खाशाबांनंतर कुस्तीत एकही ऑलिंपिक पदक नाही. २०२४ साली पॅरिसमध्ये राज्याला दुसरं वैयक्तिक पदक मिळालं तेही नेमबाजीत, राधानगरी तालुक्यातल्या स्वप्नील कुसाळेकडून. बहात्तर वर्षं! ज्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी खासबाग मैदान उभारलं, त्या कोल्हापूरच्या जिल्ह्यातून ऑलिंपिक पदक आलं ते रायफलीने. स्वप्नीलचं कौतुक मनापासून. कुस्तीच्या कारभाऱ्यांची मात्र मान खाली जायला हवी होती. गेली नाही.

राहुल आवारेचं नाव कुणी पुढे करेल. २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण, २०१९ च्या जागतिक स्पर्धेत कांस्य, खरी गोष्ट. पण तो पाटोद्याहून पुण्याला गेला, हरिश्चंद्र बिराजदारांकडे आणि नंतर काका पवारांकडे घडला. म्हणजे पैलवानांनीच पैलवानांसाठी उभ्या केलेल्या जागी. नरसिंग यादव जोगेश्वरीतल्या दूधवाल्याचा मुलगा. कांदिवलीच्या साई केंद्रात त्याला गादी मिळाली, आणि त्याने तीन वेळा महाराष्ट्र केसरी घेऊन शिवाय जागतिक कांस्य आणलं. जिथे गादी पोचली तिथे पोरगा पोचला. यापेक्षा सोपा पुरावा काय हवा?

आता महाराष्ट्र केसरीकडे येऊ. १९६१ पासूनची स्पर्धा, जिच्यासाठी लाखो माणसं जीव टाकतात. तिच्यात एक माती विभाग आणि एक गादी विभाग. दोन विभागांचे दोन विजेते शेवटी समोरासमोर येतात आणि ती लढत होते गादीवर. म्हणजे मातीतून जिंकत आलेल्याला अखेरच्या दिवशी दुसऱ्या खेळात उतरवायचं. मातीचा एवढा अभिमान असेल तर अंतिम लढत मातीत का नाही? आणि गादीच खरी असेल तर वर्षभर पोरांना मातीत का घोळवता? माती विभागातही आता गुण मोजतात. जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड यांच्या मातीतल्या लढतीत एका टांगेला चार गुण दिले, त्यावरून अख्खा महाराष्ट्र आठवडाभर भांडला. माती नावाला उरली, मोजपट्टी गादीची आली, आणि ही मोजपट्टी तालमीतल्या पोराला कुणी समजावून दिली नाही.

२०२५ ने तर लाज सोडली. संघटनेत फूट पडून राज्यात दोन कुस्ती संघटना झालेल्या. फेब्रुवारीत अहिल्यानगरला एक महाराष्ट्र केसरी झाली, पृथ्वीराज मोहोळ विजेता. मार्चमध्ये कर्जतला दुसरी झाली, वेताळ शेळके विजेता. एकाच जिल्ह्यात, दोन महिन्यांच्या आत, दोन महाराष्ट्र केसरी. अहिल्यानगरला पाठ लागली की नाही यावरून वाद होऊन शिवराज राक्षेने पंचाला लाथ मारली, महेंद्र गायकवाड अंतिम लढत सोडून निघून गेला, दोघांवर तीन वर्षांची बंदी आली. लाथ मारणं चूकच. त्याचं समर्थन मी करणार नाही. पण पैलवानावर बंदी घालायला ज्यांना एक रात्र पुरली, त्यांना आपापसातली फूट मिटवायला इतकी वर्षं लागतात. त्या मधल्या काळात खालच्या तालमीतल्या पोराने कुणाच्या चाचणीला जायचं, कुणाचं प्रमाणपत्र नोकरीत चालेल, हे त्याला कोण सांगणार? पाच टक्के खेळाडू आरक्षणाच्या आशेवर ज्याने वयाची दहा वर्षं घातली, त्याच्या हातात उद्या चुकीच्या संघटनेचा कागद निघाला तर?

असा दुभंग जगात दुसरीकडेही झाला आहे, आणि तिथेही मुळाशी मजुरीच होती. रग्बीचे दोन पंथ आहेत, पंधरा खेळाडूंची युनियन आणि तेरांची लीग. १८९५ साली हडर्सफील्डच्या एका हॉटेलात उत्तर इंग्लंडमधले वीसेक क्लब वेगळे झाले ते एवढ्याचसाठी की खाणीत, गिरणीत काम करणाऱ्या खेळाडूला शनिवारच्या खाड्याची भरपाई द्यावी अशी त्यांची मागणी होती. लंडनच्या साहेबांनी ती नाकारली. खेळ हौसेसाठी असतो म्हणाले. ज्यांच्या घरी पैसा होता त्यांनी हौसेचा नियम केला आणि ज्याने लीगमध्ये जाऊन पैसे घेतले त्याला युनियनची दारं जन्मभरासाठी बंद केली. हा नियम शंभर वर्षं टिकला.

या दोन्ही पंथांत खेळलेला एक माणूस पाहा. वाइगा तुइगामाला हा सामोआत फालेआसिऊ गावी १९६९ साली जन्मलेला, लहानपणी न्यूझीलंडला गेलेला आडदांड विंगर. न्यूझीलंडच्या ऑल ब्लॅक्सकडून युनियन खेळला. १९९४ साली इंग्लंडच्या विगनने पैसे देऊन त्याला लीगमध्ये नेलं. तेव्हाच्या नियमाने तो युनियनला मेला होता. पण ऑगस्ट १९९५ मध्ये युनियननेच हौसेचा नियम गुंडाळला, आणि हाच माणूस पुढच्या वर्षी युनियनमध्ये परतला. न्यूकॅसलने त्याच्यासाठी मोठी रक्कम मोजली आणि १९९८ साली तो क्लब इंग्लंडचा विजेता झाला. सामोआकडून तो लीगही खेळला आणि युनियनही. १९९९ च्या विश्वचषकात सामोआने वेल्सला कार्डिफमध्ये हरवलं, त्या संघात तो होता. २०२२ साली, बावन्नाव्या वर्षी तो गेला. त्यानेही दोन खेळ शिकले. पण पंथ बदलताना दर वेळी कुणीतरी त्याला मोबदला दिला, मार्गदर्शक दिले, शिकायला वेळ दिला. शिकण्याचा खर्च शिकवून घेणाऱ्याने केला.

तिकडे सगळं न्यायाचं आहे असं मी म्हणत नाही. २०१७ साली सामोआचा संघ ट्विकनहॅमला इंग्लंडशी खेळला, तेव्हा इंग्लंडच्या खेळाडूला एका सामन्याचे सुमारे बावीस हजार पौंड मिळत होते आणि सामोआच्या खेळाडूला साडेसहाशे. सामोआच्या रग्बी संघटनेचं दिवाळं निघालं होतं. दोन लाखांच्या आसपास वस्तीचा तो बेटांचा देश जगभराच्या संघांना खेळाडू पुरवतो आणि स्वतः उपाशी राहतो. गरीब घरातलं अंग वापरायचं आणि हिशेबाच्या वेळी परंपरेकडे, देशप्रेमाकडे बोट दाखवायचं, ही चाल सातासमुद्रापार एकच आहे. पण तिथल्या इंग्लिश खेळाडूंनी निदान प्रत्येकी हजार पौंड समोरच्या संघाला देऊ केले. आमच्याकडे गदा मिरवणाऱ्या कुणी समोरच्या पडक्या तालमीकडे ढुंकून पाहिल्याचं मला आठवत नाही.

आमच्या सारसोळ्यातल्या, पलीकडच्या कुकशेत-करावे-दारावेतल्या आगरी-कोळी पोरांची कबड्डीत हीच गत. गावच्या स्पर्धा मातीवर, अनवाणी. २०१४ पासून टीव्हीवर दिसणारी प्रो कबड्डी मॅटवर, बुटात. मातीवर पाय सरकवून चवडा काढणारा चढाईपटू मॅटवर गेला की पाय चिकटतो आणि गुडघा जातो. सिडकोने याच गावांच्या जमिनी घेतल्या, नेरूळला जगातल्या मोठमोठ्या सामन्यांचं क्रिकेट स्टेडियम उभं राहिलं, महिलांनी २०२५ चा विश्वचषक इथेच जिंकला आणि आम्ही रस्त्यावर येऊन नाचलो. त्या आनंदात मी होतो. पण ज्यांच्या शेतावर हे शहर बसलं त्यांच्या पोराला गावात एक मॅट मागावी लागते, हे मला पचत नाही.

माझ्यावर आक्षेप येणार हे मला ठाऊक आहे. मातीत ताकद आहे, माती आपली ओळख आहे, माती गेली तर कुस्ती गेली. मी मातीच्या विरोधात नाही. हौद्यात घडलेली मान आणि पंजा गादीवरही उपयोगी पडतो. आंदळकर, माने हे त्याचे जिवंत दाखले होते. जत्रेचा फड बंद व्हावा असं मला अजिबात वाटत नाही; त्याच फडाच्या इनामावर किती घरांचा खुराक चालतो हे मी जवळून पाहिलंय. माझं म्हणणं एवढंच आहे की ज्या खेळावर पोराची नोकरी, निवड आणि भविष्य ठरतं तो खेळ त्याला शिकवण्याची जबाबदारी त्याच्या बापाची नाही. बदाम, दूध, तूप, मटण यांचा खर्च उचलून आधीच कंबरडं मोडलेल्या माणसाला लाखांच्या घरातली गादी कशी परवडेल? तुम्हाला मात्र परवडते. एका मैदानात बक्षीस म्हणून गाड्या वाटता, ट्रॅक्टर वाटता, बुलेट वाटता. एका विजेत्याला दिलेल्या गाडीच्या पैशात एक तालीम गादीवर येते आणि पुढची अनेक वर्षं त्या गादीवर शेकडो पोरं घडतात. पण गादीसोबत फोटो चांगला येत नाही. तेवढंच कारण आहे, दुसरं नाही.

आणि पदक मिळाल्यावरही काय मिळतं? खाशाबांना १९५५ साली पोलिसात फौजदाराची नोकरी लागली, म्हणजे पदकानंतर तीन वर्षांनी. गुडघा दुखावला आणि मेलबर्नचं ऑलिंपिक हुकलं. सत्तावीस वर्षं नोकरी करून सहायक आयुक्त म्हणून निवृत्त झाले, आणि पेन्शनसाठी त्यांना भांडावं लागलं. १९८४ साली रस्ता अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो २००० सालचा, तोही मरणोत्तर. दिल्लीत इंदिरा गांधी संकुलातल्या कुस्ती हॉलला त्यांचं नाव आहे. गोळेश्वरला सरकारने कबूल केलेलं कुस्ती संकुल मात्र इतकं रखडलं की २०१७ साली कुटुंबाने पदक लिलावात काढण्याचा इशारा दिला. आता १५ जानेवारी, त्यांचा जन्मदिवस, राज्य क्रीडा दिन झालाय. त्या दिवशी सगळीकडे प्रतिमेला हार पडतात. हार घालणाऱ्या प्रत्येकाला माझा प्रश्न आहे: या वर्षी तुम्ही कुणाचं घर गहाण पडण्यापासून वाचवलंत?

मला कुणाकडून नवं धोरण नको, समिती नको, अभ्यासगट तर नकोच. दोन्ही संघटनांनी एका टेबलावर बसून एकच निवड चाचणी जाहीर करावी. ते होईपर्यंत दोघांच्याही प्रमाणपत्राला नोकरीत सारखी किंमत आहे, असं सरकारने लेखी द्यावं. जिल्ह्याच्या गावी नव्हे, तालुक्यात गादी टाकावी, आणि नवी मुंबईसारख्या श्रीमंत महापालिकेने माथाडी वस्त्यांत आणि गावठाणांत ती टाकावी. वस्तादांना, ज्यांनी आयुष्यभर मातीत पोरं घडवली, गादीचे नियम शिकवायला मानधन द्यावं, कारण पोराचा विश्वास वस्तादावर असतो, बाहेरून आलेल्या प्रशिक्षकावर नसतो. आणि मैदानं भरवणाऱ्या पुढाऱ्यांनो, पुढच्या जत्रेचं पत्रक छापायला टाकाल तेव्हा इनामाच्या रकमांखाली एक ओळ वाढवा: या वर्षी अमुक तालमीला आम्ही गादी दिली. ती ओळ छापता येत नसेल, तर मातीच्या अभिमानाची ओळही त्या पत्रकावर छापू नका.